विश्लेषण : कापाब्लांकांना हरवणाऱ्या सुलतान खान यांना ग्रँडमास्टर किताब मृत्यूनंतर ५८ वर्षांनी का मिळाला?

फेब्रुवारी २०२४ मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोरकोविच पाकिस्तान दौऱ्यावर गेले होते. तेथे त्यांनी एका खेळाडूला मानद ग्रँडमास्टर किताब जाहीर केला. पाकिस्तानच्या इतिहासातील हा पहिलाच ग्रँडमास्टर. प्रमाणपत्र स्वीकारले ते त्या वेळचे काळजीवाहू पंतप्रधान अन्वर-उल-हक काकर यांनी, कारण ज्यांना हा किताब मिळाला ते मीर सुलतान खान १९६६ मध्येच जग सोडून गेले होते.

सुलतान खान यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द अवघ्या पाच वर्षांची. या पाच वर्षांत त्यांनी ब्रिटनचे अजिंक्यपद तीनदा पटकावले, माजी जगज्जेते होसे राऊल कापाब्लांका यांना हरवले आणि मग बुद्धिबळाच्या नकाशावरून ते जवळपास नाहीसे झाले. हे सगळे त्यांनी केले ते वयाच्या विशीत नव्याने शिकलेल्या नियमांनुसार. हे खेळाडू कोण होते, ते इतक्या वर पोहोचले कसे आणि त्यांना त्यांचा मान मिळायला इतका उशीर का झाला, याचा हा आढावा.

सुलतान खान कोण होते?

सुलतान खान यांचा जन्म १९०३ मध्ये अखंड भारतातील पंजाब प्रांतात, मिठा टिवाणा या गावी झाला. जुन्या पुस्तकांत त्यांचे जन्मवर्ष १९०५ असेही आढळते. हे गाव आज पाकिस्तानच्या खुशाब जिल्ह्यात आहे. वडील मियाँ निजामुद्दीन हे धार्मिक क्षेत्रातील मानाचे गृहस्थ आणि बुद्धिबळाचे शौकीन. सुलतान यांनी वयाच्या नवव्या वर्षी त्यांच्याकडूनच खेळाचे धडे घेतले. एकविशीपर्यंत पोहोचेतो पंजाबातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यांचे नाव झाले होते.

मात्र ते जे बुद्धिबळ खेळत होते, ते आज मोबाइलवर आपण खेळतो ते नव्हते. ते होते भारतीय बुद्धिबळ. पट तोच, सोंगट्या त्याच, पण नियम वेगळे. सुलतान खान यांची कामगिरी समजून घ्यायची तर आधी हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

भारतीय बुद्धिबळ आणि आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ यांत फरक काय?

भारतीय पद्धतीत प्रांताप्रांतांत बारीकसारीक फरक होते. आपल्याकडेही आजोबांच्या पिढीने हे बुद्धिबळ खेळलेले आहे. ठळक फरक असे सांगता येतील.

पहिला फरक प्याद्याचा. आंतरराष्ट्रीय नियमांत प्यादे पहिल्या चालीत दोन घरे पुढे जाऊ शकते. भारतीय पद्धतीत ते साधारणपणे एकच घर सरकत असे. त्यामुळे दोन्ही सैन्ये एकमेकांना भिडायलाच बराच वेळ लागायचा.

दुसरा फरक राजाच्या सुरक्षेचा. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळात राजा आणि हत्ती यांची एकाच चालीत जागा बदलते, त्याला किल्लेकोट म्हणतात. भारतीय पद्धतीत किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई, तीसुद्धा तोपर्यंत त्याला शह मिळालेला नसेल तरच.

तिसरा फरक प्याद्याच्या बढतीचा. आज प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की खेळाडू बहुतेक वेळा थेट वजीर मागतो. भारतीय पद्धतीत प्यादे ज्या रांगेत पोहोचेल, त्या रांगेची मूळ सोंगटी मिळत असे. म्हणजे घोड्याच्या रांगेत पोहोचलेल्या प्याद्याचा घोडाच होणार. त्यामुळे शेवटच्या टप्प्यातील सगळी गणिते बदलायची.

चौथा फरक कोंडीचा. एखाद्या खेळाडूला शह नाही, पण चालायला एकही चाल उरली नाही, तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार डाव बरोबरीत सुटतो. भारतीय पद्धतीत या स्थितीचे नियम वेगळे होते.

या फरकांचा परिणाम मोठा होता. युरोपात डावाच्या पहिल्या दहा-पंधरा चालींवर, म्हणजे ओपनिंगवर, शेकडो पुस्तके लिहिली गेली होती. कोणत्या चालीला कोणते उत्तर द्यायचे, हे खेळाडू पाठ करून पटावर बसत. संथ सुरुवातीच्या भारतीय पद्धतीत वाढलेल्या खेळाडूला त्यातले काहीच माहीत नसायचे. उलट डावाच्या मध्यात संयमाने जागा बळकावणे आणि शेवटी एकेक प्यादे राखत खेळणे ही त्याची ताकद असायची. सुलतान खान यांच्या बाबतीत नेमके हेच झाले. पहिल्या पंधरा चालींत ते चाचपडत आणि त्यानंतर समोरच्याला डोके वर काढू देत नसत.

सर उमर हयात खान यांचा संबंध कसा आला?

मिठा टिवाणा परिसरात टिवाणा घराण्याचा दबदबा होता. सर उमर हयात खान टिवाणा हे पंजाबातील मोठे जमीनदार. ब्रिटिश राजवटीशी त्यांचे घनिष्ठ संबंध होते आणि पुढे लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळावरही ते होते. त्यांचे पुत्र खिजर हयात टिवाणा हे १९४२ ते १९४७ या काळात पंजाब प्रांताचे पंतप्रधान राहिले.

सर उमर यांना बुद्धिबळाची आवड होती. त्यांनी सुलतान खान यांची गुणवत्ता हेरली, राहण्याखाण्याची सोय केली, वेतन ठरवून दिले आणि युरोपीय नियम शिकण्याची व्यवस्था केली. वयाच्या विशीत असलेल्या, एका पद्धतीत तरबेज झालेल्या खेळाडूला दुसरी पद्धत शिकायची होती. टेनिस बॉलवर वाढलेल्या फलंदाजाला थेट सीझन बॉलसमोर उभे करण्यासारखाच हा प्रकार. हात तोच, नजर तीच, पण उसळी वेगळी.

१९२८ मध्ये अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. सुलतान खान यांनी नऊ डावांपैकी आठ जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि एकही गमावला नाही. पुढच्याच वर्षी, १९२९ च्या वसंतात, सर उमर त्यांना घेऊन लंडनला पोहोचले.

लंडनमध्ये पहिल्याच स्पर्धेत काय झाले?

लंडनमध्ये त्यांच्या सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरवण्यात आली. तिचा निकाल निराशाजनक होता. सुलतान खान संयुक्तपणे तळाला राहिले. त्या स्पर्धेत त्यांच्या पुढे राहिलेल्यांत विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स हे दोन ब्रिटिश खेळाडू होते. येट्स हे तर १९२८ चे ब्रिटिश विजेते.

सरावाच्या स्पर्धेत तळाला राहिलेला, ओपनिंगचे ज्ञान जवळपास नसलेला आणि इंग्रजी फारशी न येणारा हा खेळाडू. त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवावी असे काही नव्हते. पण विंटर आणि येट्स या दोघांनी त्यांना शिकवायचे मनावर घेतले. युरोपात कोणती ओपनिंग खेळली जातात, त्यातले सापळे कुठे असतात, हे त्यांनी समजावून सांगितले.

त्यानंतर काही महिन्यांतच रॅम्सगेट येथे ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली. ब्रिटिश साम्राज्यातील खेळाडूंना या स्पर्धेत उतरता येत होते. विजेता ठरले सुलतान खान. ज्या देशात येऊन त्यांना जेमतेम काही महिने झाले होते, त्या देशाचे अजिंक्यपद त्यांनी पहिल्याच प्रयत्नात जिंकले. गुरू येट्स यांचे अजिंक्यपद शिष्याकडे आले होते.

त्यानंतर ते थोड्याच काळात भारतात परतले आणि मे १९३० मध्ये पुन्हा युरोपात दाखल झाले. यानंतरची साडेतीन वर्षे हीच त्यांची खरी कारकीर्द.

कापाब्लांका यांच्याविरुद्धचा डाव इतका गाजला का?

क्युबाचे होसे राऊल कापाब्लांका हे १९२१ ते १९२७ या काळातील जगज्जेते. १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षे ते स्पर्धांमध्ये एकही डाव हरले नव्हते. १९२७ मध्ये अलेक्झांडर अलेखिन यांनी त्यांच्याकडून जगज्जेतेपद हिरावले असले, तरी कापाब्लांकांना हरवणे ही तेव्हाही बातमीच होती. विशेषतः सोंगट्या कमी झाल्यावर, डावाच्या अखेरच्या टप्प्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असे मानले जाई.

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत सुलतान खान पांढऱ्या सोंगट्यांनी त्यांच्यासमोर बसले. डावात एकविसाव्या चालीपासून मोठी उलथापालथ झाली. कापाब्लांकांनी आपले दोन्ही हत्ती देऊन सुलतान खान यांचा वजीर घेतला. पटावर आता एका बाजूला वजीर होता आणि दुसऱ्या बाजूला दोन हत्ती. सुलतान खान यांनी या डावात किल्लेकोट केलाच नाही. त्यांचा राजा मध्यावरच उभा राहिला.

कागदावर हा सौदा साधारण बरोबरीचा मानला जातो. पण अशा स्थितीत एक गोष्ट निर्णायक ठरते. वजीर एकटा असतो, तर दोन हत्ती एकमेकांना आधार देऊ शकतात. समोरचा राजा सुरक्षित असेल आणि वजिराला शह देत फिरायला मोकळी जागा नसेल, तर वजीर हळूहळू निरुपयोगी होत जातो. सुलतान खान यांनी पुढच्या चाळीसेक चालींत हेच केले. वजिराच्या वाटा एकेक करून बंद केल्या, हत्ती मोकळ्या रांगेत आणले, घाई केली नाही. ६५ चालींनंतर कापाब्लांकांनी हार मानली.

ज्या संथ, दाबत नेणाऱ्या खेळासाठी कापाब्लांका ओळखले जात, त्याच खेळात ते हरले होते. या स्पर्धेत सुलतान खान तिसरे आले. पुढे होते मॅक्स यूवे आणि स्वतः कापाब्लांका. पुढे कापाब्लांकांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा वेगळ्या नियमांत वाढूनही अजिंक्यपद मिळवणाऱ्या या खेळाडूची प्रतिभा असामान्य असल्याचे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

त्यांची इतर कामगिरी किती मोठी होती?

एका डावातला विजय नशिबानेही मिळू शकतो. सुलतान खान यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही, हे त्यांच्या साडेतीन वर्षांच्या निकालांवरून दिसते.

१९३० मध्ये लिएज स्पर्धेत ते सावेली टार्टाकोव्हर यांच्या मागे दुसरे आले. १९३१ मध्ये याच टार्टाकोव्हर यांच्याशी बारा डावांचा सामना झाला. सुलतान खान यांनी चार जिंकले, तीन हरले आणि पाच बरोबरीत सुटले. सामना त्यांच्या नावावर लागला. टार्टाकोव्हर त्या वेळी जगातील आघाडीच्या खेळाडूंपैकी एक होते. १९३२ मध्ये सॅलो फ्लोर यांच्याशी सहा डावांचा सामना झाला. तो त्यांनी एका गुणाच्या फरकाने गमावला.

तीन ऑलिम्पियाडमध्ये ते पहिल्या पटावर खेळले. १९३० मध्ये हॅम्बर्ग, १९३१ मध्ये प्राग आणि १९३३ मध्ये फोकस्टन. संघ होता इंग्लंडचा. पहिला पट म्हणजे प्रत्येक फेरीत समोरच्या देशाचा सर्वोत्तम खेळाडू. प्रागमध्ये त्यांनी १७ पैकी आठ डाव जिंकले, सात बरोबरीत सोडवले आणि केवळ दोन गमावले. या स्पर्धेत त्यांनी फ्लोर आणि अकिबा रुबिनस्टाइन यांना हरवले आणि जगज्जेते अलेखिन यांना बरोबरीत रोखले.

१९३२ मध्ये बर्न येथील स्पर्धेत ते चौथे, तर लंडन स्पर्धेत संयुक्त तिसरे आले. या दोन्ही स्पर्धा अलेखिन यांनी जिंकल्या होत्या. ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनी १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा जिंकले. चार वेळा ते या स्पर्धेत उतरले आणि तीनदा विजेते ठरले. ओपनिंगची पुस्तके न वाचता मोठा झालेला हा खेळाडू जगातील पहिल्या दहामध्ये होता, असे बुद्धिबळाचे अनेक अभ्यासक मानतात.

मिस फातिमा कोण होत्या?

सर उमर यांच्या लंडनमधील घरात बुद्धिबळ खेळणारी आणखी एक व्यक्ती होती. मिस फातिमा या नावाने त्या स्पर्धांत उतरत. त्याही सर उमर यांच्याच पदरी होत्या. १९३३ मध्ये त्यांनी ब्रिटनचे महिला अजिंक्यपद जिंकले. अकरा डावांपैकी दहा विजय, एक बरोबरी आणि दुसऱ्या क्रमांकापेक्षा तब्बल तीन गुण अधिक.

म्हणजे १९३३ मध्ये ब्रिटनची पुरुष आणि महिला अशी दोन्ही अजिंक्यपदे एकाच घरातील भारतीयांकडे होती. दांडीयात्रा होऊन तीनच वर्षे उलटली होती. लंडनमध्ये भारताच्या भवितव्यावर गोलमेज परिषदा झडून गेल्या होत्या. अशा काळात ब्रिटनच्या पटावर हे घडले. मात्र सुलतान खान यांच्याबद्दल जितके लिहिले गेले, त्याच्या तुलनेत फातिमा यांच्याबद्दल फारच थोडे लिहिले गेले आहे.

ते खरेच नोकर होते का?

सुलतान खान यांच्याविषयीचा हा सर्वांत वादग्रस्त प्रश्न. पाश्चात्त्य लेखनात त्यांचे चित्र बराच काळ असे रंगवले गेले : एका महाराजाचा निरक्षर नोकर, जो योगायोगाने बुद्धिबळाचा चमत्कार ठरला.

या चित्राला आधार म्हणून एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. अमेरिकी खेळाडू रुबेन फाइन यांनी आपल्या आठवणींत लिहिले, की १९३३ च्या ऑलिम्पियाडनंतर अमेरिकी संघाला सर उमर यांच्या घरी जेवणाचे निमंत्रण होते. तेथे गेल्यावर सुलतान खानच वाढपी म्हणून पाहुण्यांना वाढत असल्याचे त्यांना दिसले. ज्याच्याशी आपण पटावर बरोबरीने लढलो, तो आपल्याला जेवण वाढतो आहे, याने हे खेळाडू संकोचून गेले.

प्रसंग मनाला लागणारा आहे. पण फाइन सर उमर यांचा उल्लेख महाराजा असा करतात आणि सर उमर महाराजा नव्हते, ते जमीनदार होते. त्या घरातील नाती बाहेरच्यांना कितपत समजली, असा प्रश्न त्यामुळे पडतो. २०२० मध्ये इंग्लिश ग्रँडमास्टर डॅनियल किंग यांचे सुलतान खान यांच्यावरील पुस्तक आले. त्याच्या शीर्षकातही भारतीय नोकर असाच उल्लेख होता. त्यावर सुलतान खान यांच्या नातीने जाहीर आक्षेप घेतला. आजोबा नोकर नव्हते, निरक्षरही नव्हते. ते जमीनजुमला आणि धार्मिक मान असलेल्या घराण्यातील होते, अशी कुटुंबाची भूमिका आहे.

दोन्ही बाजू लक्षात घेतल्या तर एवढे निश्चित म्हणता येते. सुलतान खान यांचे स्पर्धांना जाणे, परदेशी राहणे आणि परत येणे हे सगळे सर उमर यांच्या निर्णयांवर आणि खर्चावर अवलंबून होते. कुस्तीतला मल्ल आणि त्याला पोसणारा संस्थानिक हे नाते मराठी वाचकाला नवे नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या पैलवानाला कोणी घरगडी म्हणत नाही. पण आखाडा कोणता आणि कुस्ती कधी, हे ठरवणे पूर्णपणे पैलवानाच्या हातातही नसे. इंग्रजीतील नोकर या एका शब्दात हे नाते नीट मावत नाही, हाच या वादाचा गाभा आहे.

कारकीर्द ऐन भरात असताना ते परत का आले?

डिसेंबर १९३३ मध्ये सर उमर भारतात परतले आणि त्यांच्यासोबत सुलतान खानही. वय अवघे तीस. बुद्धिबळपटूच्या दृष्टीने हा बहराचा काळ. त्यानंतर ते युरोपात कधीच खेळले नाहीत.

यामागे सर उमर यांचे परतणे हे उघड कारण होतेच, पण दुसरी बाजूही होती. इंग्लंडची थंड, दमट हवा सुलतान खान यांना कधी मानवली नाही. मलेरिया, सर्दी, इन्फ्लुएंझा आणि घशाचे विकार त्यांच्या पाठीशी सतत लागलेले असत. अनेकदा ते गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळून डावाला बसत. भारतात परतल्यावर त्यांना तुरुंगातून सुटल्यासारखे वाटले, अशी आठवण फातिमा यांनी पुढे सांगितली. बाहेरून जी उत्तुंग कारकीर्द दिसत होती, ती जगणाऱ्या माणसाला तशीच वाटत असेल असे नाही, हे या एका आठवणीतून कळते.

परतल्यानंतरची त्यांची एक लढत मराठी वाचकांसाठी महत्त्वाची आहे. १९३५ मध्ये त्यांचा व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना झाला. खाडिलकर यांना त्यातला एक डाव बरोबरीत सोडवता आला, उरलेले नऊही सुलतान खान यांनी जिंकले. युरोपातून आलेला हा खेळाडू आणि येथील खेळाडू यांच्यात तेव्हा किती अंतर होते, याची कल्पना या निकालावरून येते. आणि हे अंतर असूनही त्यांच्या अनुभवाचा उपयोग करून घेणारी कोणतीही यंत्रणा तेव्हा देशात उभी राहिली नाही. यानंतर स्पर्धात्मक बुद्धिबळातून ते बाजूला झाले.

१९४४ मध्ये सर उमर यांचे निधन झाले. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि सुलतान खान यांचे गाव पाकिस्तानात गेले. सरगोधा परिसरात शेती पाहत आणि कुटुंब सांभाळत त्यांनी पुढील आयुष्य काढले. २५ एप्रिल १९६६ रोजी क्षयरोगाने त्यांचे निधन झाले.

ग्रँडमास्टर किताब तेव्हाच का मिळाला नाही?

फिडेने अधिकृतपणे ग्रँडमास्टर किताब देण्यास १९५० मध्ये सुरुवात केली. पहिल्या यादीत २७ नावे होती. त्यात केवळ तेव्हा खेळणारेच नव्हते, तर पूर्वी मोठी कामगिरी केलेले, पण निवृत्त झालेले खेळाडूही होते. रुबिनस्टाइन यांनी १९३० च्या दशकातच खेळ सोडला होता, तरी त्यांना किताब मिळाला. टार्टाकोव्हर, फ्लोर आणि फाइन हेही यादीत होते.

यातील रुबिनस्टाइन, टार्टाकोव्हर आणि फ्लोर या तिघांनाही सुलतान खान यांनी पटावर हरवले होते. १९५० मध्ये ते हयात होते, वय ४७. तरीही त्यांचे नाव या यादीत आले नाही. ग्रँडमास्टर तर सोडाच, त्याखालचा इंटरनॅशनल मास्टर किताबही त्यांना कधी मिळाला नाही.

सुलतान खान यांच्यामागे उभे राहील असे कोणी नव्हते, हे मात्र दिसते. ते ज्या संघाकडून खेळले तो इंग्लंडचा. त्यांनी अजिंक्यपद जिंकले ते ब्रिटनचे. ते वाढले त्या देशाचे दोन तुकडे झाले होते. ज्या पाकिस्तानात ते राहत होते, त्या देशासाठी ते कधी खेळलेच नव्हते. आणि ज्या भारताचे ते १९२८ चे विजेते, त्या भारताचे ते आता नागरिक नव्हते. तीन देशांच्या इतिहासात त्यांचे नाव होते, पण तिघांपैकी कोणाच्याही यादीत ते नव्हते.

या उशिराचे मोल समजण्यासाठी पुढची वर्षे पाहावी लागतील. आशियाला पहिला ग्रँडमास्टर मिळायला १९७४ उजाडले. ते होते फिलिपिन्सचे युजेनियो तोरे. भारताचा पहिला ग्रँडमास्टर १९८८ मध्ये विश्वनाथन आनंद यांच्या रूपाने झाला. सुलतान खान यांना १९५० मध्ये किताब मिळाला असता, तर आशियाला हा मान २४ वर्षे आधी मिळाला असता. कदाचित सरगोधा किंवा लाहोरमधील एखाद्या मुलाला आपल्या भागातून जगज्जेत्याला बरोबरीत रोखणारा माणूस झाला होता, हे शाळेतच कळले असते.

आज सुलतान खान यांची गोष्ट महत्त्वाची का?

आज एखादे मूल मोबाइलवर ॲप उघडते आणि पाच मिनिटांत जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील प्रतिस्पर्ध्याशी डाव मांडते. ओपनिंग शिकण्यासाठी व्हिडीओ आहेत, चूक दाखवायला इंजिन आहे. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकते आणि त्याच विजयाबरोबर ग्रँडमास्टर होते, तेव्हा काही दिवसांत ते नाव घरोघरी पोहोचते.

सुलतान खान यांच्याकडे यातले काही नव्हते. त्यांच्या खेळातून शिकण्यासारखी गोष्ट मात्र आजही तितकीच उपयोगी आहे. डावाची सुरुवात पाठ करून खेळणारे अनेक असतात. पाठ केलेल्या चाली संपल्या की पुढे पट वाचावा लागतो. कोणती सोंगटी दुबळी आहे, कोणती रांग मोकळी आहे, कुठे घाई करू नये, हे स्वतः ठरवावे लागते. सुलतान खान यांचा खरा डाव तेथूनच सुरू होई. प्रशिक्षक आजही नवशिक्यांना ओपनिंगआधी शेवटचा टप्पा शिका असे सांगतात, त्यामागचे कारण कापाब्लांकांविरुद्धच्या त्या ६५ चालींत सापडते. तो डाव इंटरनेटवर सहज उपलब्ध आहे आणि पटावर मांडून पाहण्यासारखा आहे.

सुलतान खान यांनी स्वतःच्या मुलांना मात्र बुद्धिबळ शिकवले नाही. आयुष्यात याहून उपयोगाचे काहीतरी करा, असे ते सांगत, अशी त्यांच्या मुलाची आठवण आहे. खेळाने त्यांना जगभर नेले, पण म्हातारपणासाठी ना पैसा दिला, ना किताब. तो किताब अखेर २०२४ मध्ये आला. पहिल्या यादीनंतर ७४ वर्षांनी.